बऱ्हाणपुरातलं कलकत्ता

आमच्या कॉलनीत चौधरीकाकांना न विचारता कुणी सहलीला जात नाही. म्हणजे जाऊ शकतं, सरकारची बंदी नाही. पण काकांना विचारून गेलात, तर ते तुम्हाला दिल्लीला पाठवण्याआधी एकदा बऱ्हाणपुरातच दिल्ली करायला लावतात. पिशव्या भरून, बूट घालून, म्हातारी माणसं आणि पोरंबाळं सगळी सोबत घेऊन.

हे ऐकीव सांगत नाही. आम्ही या कॉलनीत राहायला आलो त्याच आठवड्यात मी ते डोळ्यांनी पाहिलं. सकाळी दूध घ्यायला खाली उतरले, तर कॉलनीच्या बागेत समोरचे महाजन, त्यांची बायको, दोन मुली आणि महाजनांचे वडील एका रांगेत उभे. प्रत्येकाच्या पाठीला बॅग. समोर प्लास्टिकचं टेबल, टेबलामागे एक किडकिडीत बाई अगदी सरकारी चेहरा करून बसलेल्या. बाजूला पांढऱ्या मिशांचे, माकडटोपी घातलेले एक गृहस्थ ओरडत होते, "लाइन तोडू नका! धाकटीचा हात धरा! महाजन, ओळखपत्र कुठी आहे? बॅगेच्या तळाशी? मंग काढा सगळं बाहेर. देखो, मागचे लोक चिडले!"

मागे एक गाय होती. ती चिडलेली दिसत नव्हती.

महाजनांनी टॉवेल, बनियन, फरसाणाची पिशवी असं सगळं गवतावर काढून शेवटी ओळखपत्र शोधलं आणि टेबलापाशी नेलं. टेबलामागच्या बाई म्हणाल्या, "खिडकी बंद झाली. जेवणाची सुट्टी." महाजनांचे वडील खरोखर संतापले. "सकाळपासून उभा आहे मी इथे!" असं म्हणून त्यांनी टेबलावर हात आपटला, तेव्हा माकडटोपीवाले गृहस्थ खूश होऊन म्हणाले, "हे बघा, इथे गळते."

मी दूधवाल्याला विचारलं, "हे काय, नाटकाची तालीम आहे का?"

"नाही," तो दूध मापता मापता म्हणाला, "जयपूर आहे."

माकडटोपीवाले ते चौधरीकाका आणि टेबलामागच्या बाई त्यांच्या पत्नी, निर्मलाकाकू. काका मूळचे रावेरकडचे. सगळी नोकरी नेपानगरच्या बाजूला कागदाच्या कारखान्यात झाली, तिथून फोरमन म्हणून निवृत्त झाले आणि इथे घर घेतलं. कारखाना सुटला, पण फोरमनकी सुटली नाही. कॉलनीच्या पाण्याच्या टाकीवर, गणपतीच्या मंडपावर, लोकांच्या लग्नातल्या पंगतींवर त्यांचं लक्ष असतंच. पण खरा जीव रमतो तो सहलींत. तेही देवदर्शनाच्या सहली नाहीत. त्या कुणीही करतं, असं त्यांचं मत. मोठ्या शहरात जाऊन तिथली संग्रहालयं, किल्ले, जुने बाजार, नदीचे घाट, हे घरातल्या सगळ्यांना भांडण न होता दाखवून आणायचं, याला ते काम म्हणतात.

गेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीत कलकत्त्याला जायचं आमच्या घरात ठरलं. आमच्या घरात म्हणजे मी, माझे यजमान प्रशांत, आठवीतली मुलगी सानिका आणि सासूबाई. कलकत्ता हा माझा हट्ट होता. बऱ्हाणपूरहून एक गाडी थेट हावड्याला जाते. लग्नानंतर सासरी आल्यापासून मी ती गाडी फलाटावरून जाताना बघत आले होते आणि तिच्यात बसलेल्या लोकांचा मला हेवा वाटायचा. तिकिटं काढली त्याच संध्याकाळी काका दारात हजर. त्यांना कुणी सांगितलं ते विचारू नका. आमच्या कॉलनीत कुकरची शिट्टी झाली तरी आत काय शिजलंय ते शेजारी सांगतात.

काका बसले, चहा घेतला आणि पहिला प्रश्न त्यांनी मला विचारला. "सूनबाई, तुमच्या घरी गळते कुठी?"

मी म्हटलं, "गच्चीवर. टाकीपाशी."

"घर नाही वं. माणसं."

मग त्यांनी समजावलं. कारखान्यात कागदाचं मशीन दुरुस्त झालं की कुणी एकदम लगदा सोडत नाही. पहिले नुसत्या पाण्यावर चालवायचं. कुठे गळतं, कुठे अडकतं, कोणता रोलर आवाज करतो, ते पाण्यात समजतं. मग लगदा. "नाही तं सगळा लगदा फर्शीवर," काका म्हणाले. "तशीच फॅमिली राहते. घरात सगळे चांगले. परक्या गावात ऊन लागलं, भूक लागली, का गळाले सुरुवात. म्हणून आधी पाण्यावर, मंग लगद्यावर. तुम्ही कलकत्ता पहिले बऱ्हाणपुरात करा."

सानिका माझ्या कानाशी लागली, "मम्मी, अंकल सीरियस आहेत क्या?"

काका पूर्ण सीरियस होते. त्यांच्या सहलीचे नियम मी त्या संध्याकाळी ऐकले आणि खरं सांगते, हसत हसत ऐकायला बसले होते ती हळूहळू सरसावून बसले. दिवसाला मोठी गोष्ट एकच बघायची. दुसरी असली तर छोटी. तिसरी बघितली तर भांडण. संग्रहालयात शिरलं की पहिले बाथरूम बघायचं, मग बुद्ध. म्हाताऱ्या माणसाला "थकलात का" असं विचारायचं नाही, कारण ते नाही म्हणणार. आपणच थकल्याचं सोंग करायचं आणि बसायचं. पोरांना इतिहास सांगायचा नाही, त्यांना विचारायचं की यातली कोणती वस्तू घरी न्यायला आवडेल. मग ती आपोआप नीट बघतात. आणि सगळ्यांत मोठा नियम रुसायच्या जागेचा. कुठेही गेलं की आत शिरताना एक बाक ठरवायचा. ज्याला राग येईल त्याने गुपचूप त्या बाकावर जाऊन बसायचं. बाकीच्यांनी त्याची समजूत काढत बसायचं नाही, आपलं बघून घ्यायचं आणि परतताना त्याला घेऊन यायचं.

"आमच्याकडे कुणी रुसत नाही," प्रशांत म्हणाले. काकांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

मग कलकत्त्याचे दिवस पाडले. पहिल्या दिवशी संग्रहालय, कारण तिथली ममी बघितल्याशिवाय सानिका दुसरं काही बघू देणार नव्हती. दुसऱ्या दिवशी ट्राम आणि संध्याकाळी नदीवरची फेरीबोट. तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना.

"दवाखाना?" सासूबाई दचकल्या. "मला काही झालेलं नाही."

"होऊ नाही म्हणून," काका चहाचा कप बघत म्हणाले. "परक्या गावात दवाखाना माहीत असला पाहिजे. रिसेप्शनवर माझं नाव सांगा, फोनवर बोलणं झालं आहे. पण फोनवर सगळेच गोड बोलतात. तुम्ही डोळ्यांनी बघा. पायऱ्या किती, लिफ्ट चालते का, माणसं कशी बोलतात. ते काय म्हणतात तेही ऐकून घ्या. आन् आल्यावर मले फाटकापाशी सांगायचं. घरात नाही."

दवाखान्याचं कलम काकांच्या प्रत्येक सहलीत असतं, हे कॉलनीत सर्वांना माहीत होतं आणि त्यावर विनोदही होत. चौधरींकडून जाल तर दवाखाना हे प्रेक्षणीय स्थळ आहे, असं महाजन म्हणत. म्हाताऱ्या माणसाचा स्वभाव, म्हणून कुणी जास्त खोदून विचारलं नसावं. मीही विचारलं नाही.

आता काकूंबद्दल सांगायला हवं. निर्मलाकाकूंच्या दोन्ही किडन्या काम करत नाहीत. आठवड्यातून तीनदा इथल्या दवाखान्यात त्यांचं डायलिसिस होतं. सकाळी काका त्यांना रिक्षाने नेतात आणि दुपारी त्या पिळून काढलेल्या कपड्यासारख्या होऊन घरी येतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताज्या. पाणी मापून प्यायचं, मीठ कमी, आणि केळं बंद. केळीच्या मुलखात जन्मलेल्या बाईला केळं बंद, याचं त्यांना स्वतःलाच फार हसू येतं. "माह्या बापाच्या शेतात केळी, सासऱ्याच्या शेतात केळी, आन् मी पाहते सफरचंदाकडे," असं त्या सांगतात. या सगळ्यामुळे गाव सोडून दोन रात्री कुठे राहणं त्यांना जमत नाही. काही वर्षांत त्या बऱ्हाणपूरच्या बाहेर गेल्या असतील त्या फार तर असीरगडाच्या पायथ्यापर्यंत, आणि संध्याकाळच्या आत परत.

काकांच्या तालमी नेहमी डायलिसिस नसलेल्या दिवशी असतात आणि प्रत्येक तालमीत काकू असतात. तिकीटखिडकी त्याच, पहारेकरी त्याच, हॉटेलातला उर्मट मॅनेजरही त्याच. ठरलेल्या दिवशी त्या ठेवणीतली साडी नेसून, पायात कॅनव्हासचे बूट घालून तयार असतात.

आमचं कलकत्ता एका रविवारी झालं. ट्राम म्हणून ई-रिक्षा ठरवली होती. तिच्यात आम्हाला बसवून काकांनी बाजारातून फिरवलं. चालत्या ट्राममधून उतरायचं नाही, हात बाहेर काढायचे नाहीत, सुटे पैसे हातात ठेवायचे. सासूबाई चार दुकानं गेल्यावर "थांब रे, इथे माझी बांगडीवाली आहे" म्हणून उतरायला लागल्या, तेव्हा काका कळवळून म्हणाले, "आजी, कलकत्त्याला तुमची बांगडीवाली नाही राहत!" राजघाटावर जाऊन आम्ही नावेत बसलो. ती हुगळी. नदीतला दगडी हत्ती बघून सानिका म्हणाली, "कलकत्त्यात हा नसणार, तर मग हा काउंट नाही." काकांनी ते मान्य केलं.

शेवटी शाही किल्ला. तो संग्रहालय होता. दारापाशी बाथरूम, आत शिरताना बाक, सगळं शिस्तीत. हमामखान्याच्या छतावरची चित्रं बघताना मी सानिकाला इतिहास न सांगता विचारलं, यातलं काय घरी नेशील? तिने मान इतकी वर केली की टोपी पडली. जन्मापासून या गावात राहणारी ती मुलगी पहिल्यांदा ते छत बघत होती. तिलाच कशाला, मीही पहिल्यांदाच नीट बघत होते. आपल्याच गावाला परकं गाव समजून बघितलं की ते किती वेगळं दिसतं, याचं मला नवल वाटलं. एका कोपऱ्यात निळ्या रंगाची एक वेल अजून तशीच राहिली आहे. इतकी वर्षं तिच्याखालून आम्ही पाहुण्यांना "चला, चला, उशीर होतोय" म्हणत नेत होतो.

आणि तिथेच प्रशांत गळले. काका त्यांना तिसऱ्यांदा म्हणाले, "फोन खिशात ठेवा, इथे पाकीटमार फिरतात." प्रशांत म्हणाले, "काका, हा शाही किल्ला आहे, मी इथे लहानपणापासून येतोय, इथे कबुतरांशिवाय कुणी फिरत नाही." काका म्हणाले, "हे कलकत्ता आहे." प्रशांत म्हणाले, "नाही आहे." काका म्हणाले, "आहे." दोन शहाणीसुरती माणसं अशी भांडत होती की गवत काढणारा माळी विळा ठेवून बघायला आला. शेवटी प्रशांत तणतणत गेले आणि बरोबर रुसायच्या बाकावर जाऊन बसले. काकांचा चेहरा समाधानाने फुलला.

समजूत काढायची नाही हा नियम, पण नवरा माझा. मी मागोमाग गेले. काकू आधीच त्या बाकावर बसल्या होत्या. त्यांना फार चालवत नाही. त्यांनी प्रशांतना पिशवीतून रव्या-तुपाचा गोड दराबा काढून दिला, तो खाल्ल्यावर त्यांचा राग निम्मा उतरला आणि ते सासूबाईंना शोधायला उठून गेले. मी काकूंपाशी बसले.

"दमलात का?" मी विचारलं आणि जीभ चावली.

"नाही वं," त्या म्हणाल्या. "कलकत्ता बरं वाटलं. नदी आहे ना. जयपूर मले लई आवडलं होतं. दिल्ली थोडी पसरट आहे. हैदराबादले मी दोनदा गेली, एकदा महाजनाच्या साल्यासंग."

त्या हे हसत सांगत होत्या, पण पूर्ण चेष्टेतही नाही. मग त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. ट्रामची बाकं लाकडी असतात का? ती वळताना आवाज करते का? बंगाली बाया पदराला किल्ल्या बांधतात म्हणे, त्या चालताना वाजतात? ममीचे दात दिसतात का? मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी कलकत्त्याचा हट्ट धरला होता, पण इतके प्रश्न मला पडले नव्हते.

"सगळं बघून ये बेटा, आन् मले सांग," त्या म्हणाल्या. "मले एकदा खरं गाव पाह्यचं आहे. फिरायचं नाही. असा एक बाक भेटला तरी पुरे. त्याच्यावर बसून दुसऱ्या गावचे लोक जाता-येता पाह्यचे. आपल्या गावचे तं पाठ झाले." मग त्यांनी काकांकडे पाहिलं. ते लांब माळ्याला काहीतरी समजावत होते, बहुधा विळा कसा धरावा ते. "पण त्यांच्यापाशी मी बोलत नाही. त्यांच्या जीवाले लागते."

ट्राम, किल्ल्या, ममीचे दात, सगळं मी मनात टिपून ठेवलं.

खरं कलकत्ता छान झालं. उगाच कशाला खोटं सांगू, काकांच्या नियमांनी झालं. ट्रामचे आता मोजकेच मार्ग उरलेत, पण आम्हाला मिळाली. संग्रहालयात प्रशांत एकदा रुसले आणि मुकाट्याने ठरलेल्या बाकावर जाऊन बसले. आम्ही डायनासोर बघून परतलो तेव्हा ते एका बंगाली आजोबांशी मासळीच्या भावावर गप्पा मारत होते. सासूबाईंनी फेरीबोटीतल्या अनोळखी बायकांना भाकरी आणि ठेचा खायला घातला. मी काकूंसाठी सगळं बघून ठेवत होते. किल्ल्या वाजतात की नाही हे ऐकायला एका बाईच्या मागे मागे गेले, तर ती वळून म्हणाली, "की चाई?" म्हणजे, काय पाहिजे? मी पळाले.

तिसऱ्या दिवशी दवाखाना. प्रशांत म्हणाले, "सोड ना, कोण विचारणार आहे?" पण मला काकांची ती कपाकडे बघत बोलण्याची तऱ्हा आठवली. आम्ही दोघं गेलो. रिसेप्शनवर नाव सांगितलं तर त्यांनी वरच्या मजल्यावर पाठवलं. तिथल्या सिस्टरने नाव ऐकताच डोक्याला हात लावला.

"चौधरी साब, बुऱ्हानपुर! रोज फोन करते हैं. आप लोग मैडम को ले आए क्या?"

दारावर 'डायलिसिस' असं लिहिलं होतं.

सिस्टरने सगळं नीट सांगितलं. कागदपत्रं त्यांच्याकडे आधीच पोहोचली होती, डॉक्टरांनी बघितली होती. बाहेरगावच्या पेशंटला ठरवून दिवस देतात. बेड आहे. खिडकीपाशीसुद्धा मिळेल. "उनको बोलिए, अब फोन मत कीजिए, मैडम को लेकर आइए," ती हसत म्हणाली. प्रशांत एरवी दवाखान्यात घाबरे होतात, पण ते स्वतः लिफ्ट बघून आले, पायऱ्या बघून आले आणि पेशंटसोबत आलेल्या लोकांना बसायला जागा आहे का, तेही बघून आले.

परतलो त्या सकाळी काका फाटकापाशीच उभे होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी लिफ्ट विचारली, वीज गेली तर काय ते विचारलं, सिस्टरचा स्वभाव विचारला. मी सांगत गेले. सगळं हो, हो, हो. मला वाटलं हा माणूस आता उडी मारेल.

काका म्हणाले, "बरं. बघू."

"बघू म्हणजे?"

"थंडी आहे. धुक्यात गाड्या अर्धा-अर्धा दिवस लेट राहतात. मधातच अडकली आन् डायलिसिस चुकलं तं? थंडी जाऊ द्या. मंग तिकडे घामाचा उन्हाळा, तोही नाही चालत. पुढच्या साली बघू." ते फाटकाची कडी उगाच वर-खाली करत होते. "आन् सूनबाई, हे घरात नका बोलू."

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या घरात कुणीही सांगेल. काकांची काळजी खोटी नव्हती, डायलिसिस चुकलं तर काय होतं ते मलाही कळतं. पण डोळ्यांपुढे किल्ल्यातला तो बाक आला. मी म्हटलं, "काका, गाडी अडकली तर वाटेत जबलपूर नाही, पुढची मोठी गावं नाहीत? तिथे दवाखाने नाहीत? तुम्ही ते शोधू शकत नाही? तुम्ही?" मी कडी त्यांच्या हातातून सोडवली आणि सरळ त्यांच्या घरात गेले.

काकू मटार सोलत बसल्या होत्या. मी चप्पल काढता काढताच म्हटलं, "काकू, कलकत्त्याचा दवाखाना तुमचं डायलिसिस करायला तयार आहे. बेड आहे. मी बघून आले."

काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कोनता दवाखाना?"

काका मागोमाग आत आले होते. ते दारातच उभे राहिले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्ही विचारलं होतं?"

"हं."

"कधी?"

"महाजन जयपूरले गेले तेव्हापासून," काका जमिनीकडे बघत म्हणाले. "जे जे गेले, सगळ्यांनाच सांगतलं. दिल्लीवाल्यांना, हैदराबादवाल्यांना."

"आन् ते काय म्हने?"

"कोणी म्हणे बेड नाही. कोणी म्हणे बाहेरचा पेशंट नाही घेत. एकाने तं फोनच ठेवला."

"मले नाही सांगतलं?"

"काय सांगू? नाही म्हणतात, हे सांगू?" काकांचा आवाज एकदम चढला आणि तसाच फुटला. "तू साडी नेसून, बूट घालून येते. तिकीट देते लोकांना. त्या खुशीत तुले सांगू का जयपूर नाही म्हणते, दिल्ली नाही म्हणते? नाही ऐकाले मी एकटा पुरे होतो."

मला माझीच लाज वाटली आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम. इतकी वर्षं हा माणूस फाटकापाशी उभा राहून एकेका गावाचा नकार ऐकत होता, वरून लोकांना बाथरूम आणि बाकाचे नियम शिकवत होता आणि घरात शिरताना चेहरा सरळ करून शिरत होता.

"आता तं हो म्हने ना?" काकू म्हणाल्या.

"हो."

"मंग?"

काका खुर्चीवर बसले. त्यांनी माकडटोपी काढून मांडीवर ठेवली. "भेव वाटते, निर्मला."

"भेव मले वाटाले पाह्यजे. सुया मले टोचतात," काकू म्हणाल्या. त्यांनी मटाराचं ताट बाजूला सारलं, उठून काकांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला. आमच्याकडे त्यांच्या वयाची माणसं चारचौघांत असं करत नाहीत. "थंडी सरली की जाऊ. होळीच्या आधी. तुम्ही गाडी पाहा, मधातले दवाखाने पाहा. मी नाही भेत."

काकांनी मान हलवली.

"आन् तुमाले काय पाह्यचं तिथी?" काकूंनी विचारलं.

साऱ्या कॉलनीला गावंच्या गावं आखून देणाऱ्या त्या माणसाला हे आजवर कुणी विचारलं नसावं. ते गोंधळले. वर पंख्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, पुन्हा काकूंकडे.

"मले काय," ते म्हणाले. "तू पाह्यजो. मी तुले पाहीन."

काकू लाजल्या. खरंच लाजल्या, कानापर्यंत. "काहीतरीच! सूनबाई बसेल हाये समोर."

मी बसलेली नव्हते. मी केव्हाच उठून भिंतीकडे तोंड केलं होतं आणि त्यांच्या कॅलेंडरवर या महिन्यात संकष्टी कधी आहे ते फार लक्ष देऊन बघत होते. अक्षर एक दिसत नव्हतं.